ट्यूब अ‍ॅम्पला हेडफोन जोडताना : ओहमचा हिशेब आणि कोकणची हवा

ट्यूब अ‍ॅम्पला (काचेच्या ट्यूबने आवाजाचा विद्युतसंदेश मोठा करणाऱ्या यंत्राला) कोणता हेडफोन लावावा, हा प्रश्न बहुतेक लोक चुकीच्या टोकाकडून सोडवायला घेतात. आधी अ‍ॅम्प आवडतो, कारण काचेच्या नळीत पेटलेली ती तांबूस तार कोणालाही भुरळ घालेल अशीच असते. तो घरी येतो, आणि मग हाताशी असेल तो हेडफोन त्याला जोडला जातो. आवाज बद्द आला, बसका आला किंवा खर्जात नको इतका घुमू लागला, की दोष ट्यूबला दिला जातो, नाहीतर हेडफोनला. वास्तविक दोन्ही वस्तू आपापल्या जागी ठणठणीत असतात. जमलेली नसते ती त्यांची जोडी. ही जोडी जमेल की नाही, हे पैसे मोजण्याआधी कागदावर बरेचसे ताडून पाहता येते आणि त्यासाठी शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे फारसे काही लागत नाही. कोकणात राहणाऱ्याला मात्र त्या हिशेबात आणखी काही गोष्टी धराव्या लागतात, कारण पत्र्यावर कोसळणारा पाऊस, खारी हवा आणि विजेचा चढउतार यांचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह, ही हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या आत एक तार तापते, त्या तापाने कॅथोड नावाच्या भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि शंभर ते तीनशे व्होल्ट दाब दिलेल्या धातूच्या प्लेटकडे ओढले जातात. वाटेत जाळीसारखी एक तार असते, तिला ग्रिड म्हणतात. या ग्रिडवर गाण्याचा क्षीण विद्युतसंदेश दिला, की इलेक्ट्रॉनांचा ओघ त्या संदेशाबरहुकूम कमीजास्त होतो आणि पलीकडे तोच संदेश कित्येक पटींनी मोठा होऊन मिळतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ग्रिडची भर घातली आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगातले बहुतेक रेडिओ या एका युक्तीवर चालले. १९४७ साली बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि ट्यूब हळूहळू बाजूला पडली. आपल्याकडेही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनत असत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ट्यूबचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो : तिला दाब निर्माण करणे सोपे जाते, प्रवाह पुरवणे जड जाते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी बारीक नळीने वाडीत आणले, तर पाण्याला जोर भरपूर असतो. नळीच्या तोंडावर बोट धरले तर धार अंगणापलीकडे जाते. पण त्याच नळीने भातखाचर भरायचे म्हटले तर दिवस मोडतो. व्होल्टेज म्हणजे तो जोर, आणि करंट म्हणजे दर मिनिटाला येणारे पाणी. ट्यूबजवळ जोर आहे, पाणी थोडे आहे. हेडफोनला या दोहोंपैकी काय हवे असते, ते त्याच्या दोन आकड्यांवरून कळते.

पहिला आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला जो अडथळा करतो त्याचा. तो ओहममध्ये देतात. मोबाइलबरोबर चालणारे हेडफोन साधारण १६ ते ४० ओहमचे असतात. सेनहायझरचे एचडी ६००, एचडी ६५० आणि एचडी ८०० हे ३०० ओहमचे आहेत, तर बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा एकच नमुना ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत निघालेला आहे. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा : १ मिलीवॉट शक्ती दिली तर कानाशी किती डेसिबल आवाज होतो. इथे एक सावधगिरी हवी. काही कंपन्या हा आकडा १ मिलीवॉटला देतात आणि काही १ व्होल्टला, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणारा हमखास फसतो, कारण ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन मोजण्यांत ५ डेसिबलचा फरक पडतो आणि ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये जवळजवळ १५ डेसिबलचा.

आता हिशेब मांडू. डबलबारी भजनाचे (दोन बुवांच्या भजनी चढाओढीचे) चांगले ध्वनिमुद्रण ऐकताना सरासरी आवाज ७५-८० डेसिबलच्या आत ठेवला तरी झांज आदळते किंवा पखवाजावर थाप पडते त्या क्षणी आवाज कितीतरी वर उसळतो. म्हणून अ‍ॅम्पकडे ११० डेसिबलपर्यंतची मुभा असावी असे धरू. ही मुभा क्षणापुरती आहे, सतत ऐकण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाजही आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. हेडफोनची संवेदनशीलता १ मिलीवॉटला ९७ डेसिबल असेल, तर ११० डेसिबलसाठी सुमारे २० मिलीवॉट लागतात. हे २० मिलीवॉट ३०० ओहमच्या हेडफोनला द्यायचे, तर २.४५ व्होल्ट दाब आणि अवघा ८ मिलीअ‍ॅम्पियर प्रवाह पुरतो. तेच २० मिलीवॉट ३२ ओहमच्या हेडफोनला द्यायचे, तर दाब ०.८ व्होल्टच लागतो, पण प्रवाह २५ मिलीअ‍ॅम्पियर होतो. शक्ती तीच, आवाज तोच, पण एकाची मागणी जोराची आणि दुसऱ्याची पाण्याची. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे ‘चालवायला अवघड’ अशी जी सरसकट समजूत आहे, ती मोबाइलच्या बाबतीत खरी आहे, कारण मोबाइलजवळ व्होल्टेजच तुटपुंजे असते. ट्यूबच्या दारात गेल्यावर मात्र ती समजूत अगदी उलटी होते.

तीन जातींचे अ‍ॅम्प

बाजारात ट्यूब अ‍ॅम्प या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि कोणता हेडफोन लावायचा हे मुख्यतः त्या जातीवर ठरते.

पहिली जात ओटीएल, म्हणजे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसलेली. यात ट्यूब आणि हेडफोन यांच्यामध्ये केवळ एक कपॅसिटर, म्हणजे स्थिर दाब अडवून फक्त गाण्याचा बदलता संदेश पुढे सोडणारा भाग, असतो. डार्कव्हॉइस ३३६एसई आणि बॉटलहेड क्रॅक ही तिची परिचित उदाहरणे. या दोघांतही शेवटी ६०८० किंवा ६एएस७ ही जाडजूड ट्यूब बसते, जी मुळात संगीतासाठी नव्हे तर वीजपुरवठा स्थिर राखणाऱ्या यंत्रांसाठी बनवलेली होती. सामान्य ट्यूबच्या मानाने ती सढळ हाताने प्रवाह देते म्हणून हेडफोनवाल्यांनी तिला आपलेसे केले. तरीही मर्यादा राहतेच. समजा अशा ट्यूबमधून गाणे नसतानाही ४० मिलीअ‍ॅम्पियर प्रवाह वाहत ठेवला आहे. या पद्धतीला क्लास ए म्हणतात, आणि तिच्यात हेडफोनला मिळणारा प्रवाह एका बाजूला फार तर तेवढ्याच उंचीपर्यंत झुलू शकतो. मग ३०० ओहमच्या हेडफोनला जास्तीत जास्त २४० मिलीवॉट मिळतात, आणि त्याच अ‍ॅम्पकडून ३२ ओहमच्या हेडफोनला २६ मिलीवॉटसुद्धा धड मिळत नाहीत. ६०० ओहमच्या हेडफोनला तर जवळजवळ अर्धा वॉट मिळू शकतो. माहितीपत्रकात ‘३२ ते ६०० ओहम’ असे छापलेले असते, ते खोटे नसते. पण त्या दोन टोकांमध्ये केवढे अंतर आहे, हे तिथे कोणी सांगत नाही.

दुसरी जात ट्रान्सफॉर्मरची. इथे ट्यूबच्या भरपूर जोरातला काही भाग देऊन त्या बदल्यात प्रवाह घेतला जातो. ट्यूबला समोर ५००० ओहम दिसावेत अशी तिची अपेक्षा असेल आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल, तर ५००० भागिले ३२ म्हणजे १५६.२५, आणि त्याचे वर्गमूळ १२.५, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांतल्या वेढ्यांचे प्रमाण १२.५ ला १ ठेवले की झाले. ट्यूबचे ५ मिलीअ‍ॅम्पियर हेडफोनच्या बाजूला साठाच्या वर होऊन निघतात. चांगल्या अ‍ॅम्पवर कमी, मध्यम आणि उच्च इम्पिडन्सचा खटका असतो, आणि तो नीट लावावा लागतो. ३०० ओहमचा हेडफोन कमी इम्पिडन्सच्या खटक्यावर लावला तर फक्त आवाज कमी पडतो; उलट ३२ ओहमचा हेडफोन उच्च खटक्यावर लावला, तर ट्यूबवर नको इतका भार येतो आणि मोठ्या आवाजात सूर फाटू लागतो. या जातीच्या अ‍ॅम्पचे वजन आणि किंमत दोन्ही ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर सर्वात आधी खर्ज गमावतो, म्हणून हाताने उचलून पाहिल्यावर फुलासारख्या हलक्या वाटणाऱ्या अशा अ‍ॅम्पवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तिसरी जात हायब्रिड. व्होल्टेज वाढवण्याचे काम ट्यूब करते आणि प्रवाह पुरवण्याचे काम पुढचा ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) करतो. शिट या कंपनीचा ‘वाली’ नावाचा नमुना या जातीचा. ज्याच्याजवळ कमी ओहमचा हेडफोन आहे आणि तो बदलण्याचा विचार नाही, त्याच्यासाठी हीच जात व्यवहाराची. मात्र अगदी स्वस्त वस्तूंमध्ये ट्यूब जेमतेम दोन-चार डझन व्होल्टांवर मिणमिणत ठेवलेली असते आणि खाली नारिंगी एलईडी लावून तिचा उजेड वाढवलेला असतो. तो उजेड सतत एकसारखा आणि नळीच्या बुडातून वर येणारा दिसला, तर तो तापलेल्या तारेचा नाही हे ओळखावे.

आवाजाचा रंग कुठून येतो

अ‍ॅम्पच्या आतही एक अडथळा असतो; त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. ओटीएलमध्ये तो बऱ्याचदा १०० ओहमच्या आसपास असतो, हायब्रिडमध्ये अगदीच थोडा. हा आतला अडथळा आणि हेडफोनचा अडथळा यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा असता तर या वाटणीने केवळ आवाज कमी झाला असता, रंग बदलला नसता. पण तो सारखा नसतो. एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा असला तरी साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात तो ५०० ओहमच्या घरात जातो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहम धरला, तर त्या पट्ट्यातला आवाज बाकीच्यापेक्षा सुमारे १ डेसिबल वर उचलला जातो. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात असतो. त्याला जरासे अंग येते, आणि बहुतेकांना ते आवडते.

आता तोच अ‍ॅम्प घेऊन त्याला असा ३२ ओहमचा हेडफोन लावू, की ज्याचा इम्पिडन्स खर्जात ७० ओहमपर्यंत चढतो. हिशेब केला तर खर्ज जवळजवळ ५ डेसिबलने उचलला जातो. हा फरक मामुली नाही. पखवाज सगळ्या बारीवर स्वार होतो, बुवांचे शब्द त्याच्या मागे जातात आणि पेटीची खालची पट्टी गढूळ होते. शिवाय हेडफोनचा पडदा हलल्यावर त्याला थांबवण्याचे काही काम अ‍ॅम्पचा कमी आउटपुट इम्पिडन्स करत असतो. तो लगाम सैल पडला की थाप संपल्यावरही घुमणे थोडे मागे रेंगाळते. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा जो ठोकताळा सांगतात, तो या दोषापासून दूर राहण्यासाठी आहे. तो काटेकोरपणे पाळायचा तर १२० ओहमच्या ओटीएलला ९६० ओहमचा हेडफोन शोधत हिंडावे लागेल. एचडी ६०० च्या बाबतीत नियम मोडतो, पण नुकसान १ डेसिबलचे, तेही कानाला गोड लागणारे. म्हणून नियमापेक्षा हिशेब पाहावा.

यावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘ट्यूबचा उबदार आवाज’ म्हणून जे वर्णन होते, त्यातला मोठा वाटा माझ्या मते या खर्जाच्या उचलीचा असतो. उरलेला वाटा ट्यूबच्या स्वतःच्या विकृतीचा. विकृती म्हटले की दोष वाटतो, पण तिचे स्वरूप पाहावे. एकेरी ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट एवढेच तीन मुख्य भाग असलेली) ट्यूब मूळ सुरात जी भर घालते ती मुख्यतः दुपटीच्या सुराची असते. मध्य षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर दुप्पट ४८० म्हणजे तार षड्ज. म्हणजे सा मध्ये साचीच भर पडते. तिप्पट ७२० म्हणजे तार सप्तकातला पंचम, तोही तंबोऱ्याला परका नाही. पाचपट १२०० म्हणजे त्यावरच्या सप्तकातला गंधार, जो नीट जुळलेल्या तंबोऱ्यात स्वयंभू ऐकू येतो. त्याहून वरचे विषम सूर मात्र रागाशी जमवून घेत नाहीत आणि ते थोडेही झाले तरी कानाला टोचतात. ट्यूबची भर खालच्या टोकाला जास्त आणि वर झपाट्याने कमी होत जाते, म्हणून ती खपून जाते. पण हेही ध्यानात ठेवावे, की हेडफोन ऐकताना सरासरी शक्ती एखाद्या मिलीवॉटच्याही आत असते, आणि तेवढ्या कामाला जोडी जमलेली असेल तर ट्यूबची विकृती फारच थोडी असते. जोडी न जमलेली असेल तर प्रवाह ओढताना हीच विकृती भराभर वाढते आणि तिच्यातला गोडवा निघून जातो.

प्लेनर जातीच्या, म्हणजे सपाट पडद्यावरच तार पसरून तो चुंबकांजवळ हलवणाऱ्या, हेडफोनची गोष्ट निराळी आहे. त्यांचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना जवळपास सारखा असतो, त्यामुळे आउटपुट इम्पिडन्सने त्यांचा रंग बिघडत नाही; पण त्यांची भूक मोठी असते. हायफायमॅनच्या एचई-६ ची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल आहे आणि इम्पिडन्स ५० ओहम. त्याला ११० डेसिबलसाठी साडेचारशे मिलीवॉटच्या जवळपास शक्ती आणि ९० मिलीअ‍ॅम्पियरच्या वर प्रवाह लागतो. लहान ओटीएलच्या आवाक्यातले हे काम नव्हे. इथे भक्कम ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प किंवा चांगला हायब्रिड हवा.

दुसऱ्या टोकाला कानात घालायचे इयरफोन. कुडाळच्या एका पुतण्याने नवा हायब्रिड अ‍ॅम्प आणला आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आला : “काकानू, गाणा बंद आसा, तरीपण घूंऽऽ असो आवाज येता.” अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड नव्हता. “अ‍ॅम्प बरो आसा रे, तुझो इयरफोनच तिखट कानाचो आसा,” असे म्हणून त्याला ३०० ओहमचा हेडफोन लावायला दिला, तेव्हा घूं नाहीशी झाली. कारण साधे आहे. समजा अ‍ॅम्पच्या तोंडाशी १ मिलीव्होल्ट गुणगुण शिल्लक आहे. ९७ डेसिबल संवेदनशीलतेच्या ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये ती ४२ डेसिबलइतकी उमटते, तर ११० डेसिबल संवेदनशीलतेच्या १६ ओहमच्या इयरफोनमध्ये ६८ डेसिबल. त्यातच इयरफोनसाठी आवाजाची कळ अगदी खालच्या टोकाला ठेवावी लागते, आणि बहुतेक कळा त्या टोकाला डावा-उजवा आवाज सारखा ठेवत नाहीत. इयरफोनसाठी ट्यूब अ‍ॅम्प घेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलला लावायचे छोटे डॉंगल ते काम अधिक स्वच्छ करते.

पाऊस, मीठ आणि वीज

ओटीएलला शोभणारे बहुतेक नामांकित हेडफोन पाठीमागून उघडे असतात. घरात शांतता असेल तर त्यांच्यासारखा मोकळा आवाज नाही. पण जुलैत पत्र्याच्या पागोळीखाली बसून एचडी ६०० ऐकणे म्हणजे पावसाची साथसंगत गळ्यात बांधून घेणे. कौलारू घरात त्रास जरा कमी, पत्र्याच्या पडवीत असह्य. आवाज वाढवून पावसावर मात करण्याचा मोह होतो आणि कानांना तोच घातक असतो. ज्याला पावसाळ्यातही ऐकायचे आहे त्याने बंद पाठीचा आणि तरीही जास्त ओहमचा हेडफोन पाहावा. अशी जात थोडी आहे, पण आहे : बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो २५० ओहममध्ये मिळतो, आणि झेडएमएफचे काही लाकडी बंद हेडफोन ३०० ओहमचे आहेत. खरेदी करताना डीटी ७७० च्या खोक्यावरचा ओहमचा आकडा वाचावा, कारण तोच हेडफोन ३२ आणि ८० ओहममध्येही विकला जातो आणि दिसायला सगळे भाऊ सारखेच.

हवेतल्या मिठाचा ट्यूबच्या आतल्या भागावर काही परिणाम होत नाही, कारण तिथे हवाच नाही. परिणाम होतो तो पायांवर आणि सॉकेटवर. किनाऱ्यालगतच्या घरात एक पावसाळा काढलेली ट्यूब उपसून पाहिली, तर पितळी-चांदीसारखे पाय काळपट पडलेले दिसतात आणि मुळाशी हिरवट झाक येते. संपर्क खराब झाला की एका कानात खरखर सुरू होते, ट्यूब हलवल्यावर जाते आणि पुन्हा येते. अ‍ॅम्प पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने पुसावेत आणि ट्यूब काच धरून न पिरगाळता बुडाकडून सरळ उपसावी. काचेच्या आतल्या बाजूला जो आरशासारखा चकाकता डाग असतो, तो उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी ठेवलेला असतो. तो पांढरा पडलेला दिसला, तर काच कुठेतरी तडकून आत हवा शिरली आहे आणि त्या ट्यूबचे आयुष्य संपले. पावसाळ्यात अ‍ॅम्प कपाटात बंद करून ठेवण्यापेक्षा एक दिवसाआड चालवलेला बरा, कारण त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते. ही ऊब थोडीथोडकी नसते. ६०८० ट्यूबची नुसती तार तापवायलाच ६.३ व्होल्ट गुणिले २.५ अ‍ॅम्पियर, म्हणजे जवळजवळ १६ वॉट लागतात. मे महिन्याच्या दुपारी हा गुण अवगुण ठरतो, तेव्हा ऐकणे रात्रीवर ढकलावे. हेडफोनच्या गाद्यांकडेही लक्ष हवे : नकली चामडे दमट हवेत सोलवटते, आणि मखमली गादी घाम पिऊन बुरशी धरते, मखमली गादी निदान काढून धुता तरी येते.

विजेचा विषय जरा जपून हाताळावा. बाहेरून आलेले बरेच अ‍ॅम्प २२० व्होल्टांसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे नाममात्र दाब २३० व्होल्टांचा, आणि रात्री उशिरा गावातला भार उतरल्यावर तो चढतो. २२० च्या अ‍ॅम्पला २४५ व्होल्ट मिळाले, तर ट्यूबची ६.३ व्होल्टांची तार ७ व्होल्टांवर जळू लागते. बऱ्याच ट्यूबना या व्होल्टेजात १० टक्क्यांपर्यंतचा फरक सोसतो, त्यापुढे आयुष्य घटते. फ्रीजसाठी घेतो तसा खटाखट पायऱ्या बदलणारा स्टॅबिलायझर प्रत्येक पायरीला कानात टक्क असा आवाज देऊ शकतो, म्हणून ऐकताना भरवसा ठेवायचा तर सर्वो जातीचा (छोट्या मोटरने दाब हळूहळू बदलणारा) बरा. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती गुरगुर हेडफोनमध्ये उतरते; साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तरच लाईट गेल्यावर अ‍ॅम्प चालवावा. जपान किंवा अमेरिकेतून कोणी आणलेला अ‍ॅम्प १०० किंवा ११५ व्होल्टांचा असू शकतो. मागची पट्टी न वाचता तो भिंतीतल्या प्लगला लावला, की जो धूर निघतो त्यावर उपाय नाही. आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की नुसते बटण बंद न करता प्लगच उपसून ठेवावा.

गुणगुणीचे एक कारण खास आपल्या जमिनीचे आहे. कातळावर बांधलेल्या घरांचे अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की अ‍ॅम्पमधून घूं सुरू होते. चार्जर काढल्यावर घूं थांबली, तर ट्यूब बदलण्यात पैसे घालवू नयेत. जुने वायरमन कोळसा-मीठ भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगत, ते करून पाहावे. चार्जर काढूनही घूं कायम राहिली, तर ट्यूब एकेक करून बाजू बदलून पाहाव्यात : आवाज डाव्या कानातून उजव्या कानात गेला तर दोष ट्यूबचा, जागेवरच राहिला तर अ‍ॅम्पचा. अनेक अ‍ॅम्पमध्ये एकाच काचेत दोन ट्यूब सामावलेली एकच जोड-ट्यूब दोन्ही बाजू सांभाळते, तिथे ही परीक्षा चालत नाही आणि हाताशी एक सुटी ट्यूब असावी लागते. मात्र अ‍ॅम्पचे बूड उघडून आत बोट घालू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये दीडशे-दोनशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात.

चालू करण्याचाही एक क्रम आहे. ओटीएल चालू होताना आउटपुटचा कपॅसिटर भरतो आणि त्याचा धक्का हेडफोनच्या पडद्याला बसू शकतो. म्हणून आवाज शून्यावर ठेवून आधी अ‍ॅम्प चालू करावा, ट्यूब तापायला मिनिट-दोन मिनिटे द्यावीत आणि मग हेडफोनची पिन घालावी. बंद करताना आधी पिन, मग बटण.

खरेदीला निघताना विक्रेत्याला विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत : अ‍ॅम्प तिन्हींपैकी कोणत्या जातीचा, त्याचा आउटपुट इम्पिडन्स किती, आणि आपल्या हेडफोनच्या ओहमला तो किती मिलीवॉट देतो. ‘दोन वॉट’ असा एकच आकडा सांगून कोणत्या ओहमला ते सांगत नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. ट्यूब कोणती बसते हेही विचारावे, कारण ६एसएन७ किंवा ईसीसी८३ सारख्या नेहमीच्या ट्यूब आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथे बनतात, पण ६०८० सारख्या बऱ्याचशा जुन्या साठ्यातूनच येतात. २०२२ साली रशियातून होणारी निर्यात अडली तेव्हा सगळ्याच ट्यूबच्या किमती भडकल्या होत्या. अ‍ॅम्पबरोबर शेवटच्या ट्यूबची एक जोडी सुटी घेऊन ठेवावी, ती आल्याबरोबर अ‍ॅम्पमध्ये लावून दोन्ही कानांत ऐकून पाहावी, आणि मग सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यावर तारीख लिहून ठेवावी.